क्रमांक एकशे चौदाचा हात

माळीवाडा, नगर
रविवार, २८ नोव्हेंबर १९४८

राही,

तीन वर्षांनी पत्र लिहितो आहे, तेव्हा मायन्यापासूनच अडलं. 'चिरंजीव' लिहावं तर तू म्हणशील, म्हाताऱ्याचं काहीतरी काम निघालेलं दिसतंय. काम आहेच. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

आपल्या साप्ताहिकाचे संपादक गोरक्षनाथ परवा शाळेत आले. म्हणाले, "सहादेव मास्तर, यंदा तुम्ही पुण्या-मुंबईला चित्रप्रदर्शनं बघत हिंडलात, तर वर्षअखेरच्या अंकात त्यांचा आढावा लिहा. जरा तिखटमीठ लावून." मी म्हटलं, तिखट माझं, मीठ तुम्ही घाला. सत्तावीस वर्षं ड्रॉइंग मास्तरकी केली, एलिमेंटरी-इंटरमीजिएटला शेकड्यांनी पोरं बसवली. चित्र कशाला म्हणतात हे जिल्ह्याला कुणीतरी एकदा सांगायलाच हवं.

तू तिकडे मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवतेस, चार चित्रकार ओळखत असशील. मी लिहिलेलं थोडं थोडं कळवतो. नावं आणि तारखा तपासून दे. मतं तपासू नकोस.

जानेवारीत गांधीजी गेले आणि फेब्रुवारीतली प्रदर्शनं रद्द झाली. म्हणून माझं वर्ष मार्चात पुण्याला सुरू झालं. बावीस जलरंग. घाट घाटासारखा, पाणी पाण्यासारखं. भिंतींवर ऊन असं पडलेलं की हात लावावासा वाटेल. मी मनापासून वाहवा केली. खोड काढायचीच तर एवढीच की बावीस घरांत मिळून एकही माणूस नाही. सगळे जण गावाला गेल्यासारखे.

मे महिन्यात मुंबईला नव्या पोरांचं प्रदर्शन होतं. राही, तिथं मला जो धक्का बसला तो मी अजून विसरलेलो नाही. एका बाईचं तोंड हिरवं, दुसरीचं नाक कानापाशी. तिसरी जांभळी, नागवी, टेबलावर आडवी झालेली आणि शेजारी कापलेलं कलिंगड. माझ्या हातातली छत्री खाली पडली. एका पारशी बाईंनी ती उचलून दिली आणि विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "आमच्याकडे कलिंगड असं कापत नाहीत."  ज्यांना माणूस काढता येत नाही ते त्याला हिरवा करतात, एवढंच माझं मत. नाचता येईना अंगण वाकडे.

त्या दिवशी स्टेशनला जाताना तुझ्या गल्लीवरूनच जावं लागलं. गाडीची वेळ झाली होती, म्हणून वर आलो नाही.

ऑगस्टात आपल्या शाळेचं प्रदर्शन मी भरवलं. त्रेसष्ट पोरांचे त्रेसष्ट तांबे, एकही कललेला नाही. कलेक्टरसाहेब म्हणाले, "शिस्त आहे." एका पोरानं मात्र तांब्याला पोचा काढला होता. विचारलं तर म्हणतो, "सर, तांब्याला पोचा हायच की." मी सांगितलं, परीक्षेत तांब्याला पोचा नसतो. त्याच्याकडून पुन्हा काढून घेतला.

चौथं प्रदर्शन याच महिन्यात मुंबईला झालं. त्यावर सविस्तर लिहिणार आहे, कारण खरा धक्का तिथला आहे.

आपल्या दोघांत जे झालं त्याबद्दल इतकंच, की तू घर सोडताना मी जे बोललो ते माझ्या लक्षात आहे. माणसाचा साधा हात नीट काढता येईल त्या दिवशी घरी ये, असं म्हणालो होतो. मिरजगावचं स्थळ तू मोडलंस म्हणून रागात म्हणालो, असं तुझ्या आईला वाटतं. तसं नाही. मास्तर म्हणून म्हणालो, आणि ते मी मागे घेत नाही.

आईचे आशीर्वाद.

तात्या


रविवार, १९ डिसेंबर १९४८

राही,

तुझं उत्तर नाही. नसू दे. पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं.

चौथ्या प्रदर्शनाविषयी ऐक. मुंबईतलं मोठं मंडळ, मोठा हॉल, तीनशे चित्रं. प्रत्यक्ष माणूस समोर बसवून काढलेल्या चित्रासाठी तिथं एक रौप्यपदक असतं. यंदा ते क्रमांक एकशे चौदाला मिळालं. चित्रकार र. काष्टीकर. आपल्या जिल्ह्यातलं नाव बघून मला आनंद झाला. हे गृहस्थ रघुनाथ असोत की रामचंद्र, काष्टीचे म्हणजे तुझ्या आजोळचे, या भावनेनं मी पुढं झालो आणि जागीच थिजलो.

एक बाई भाकरी थापते आहे. परात, पिठाचा गोळा, मागं धूर. मान इतकी खाली की तोंड दिसत नाही. उजवा हात ठीक आहे. पण डावा! कोपरापासून पुढचा हात बाहेरच्या अंगाला वळलेला आणि मनगट परातीच्या कडेवर उलटं टेकलेलं. असा कोपर देवानं कुणालाही दिलेला नाही. मी तिथंच खिशातून पेन्सिल काढली, हात लांब करून एक डोळा मिटला आणि मापं घेतली. लोक बघायला लागले. बघू देत. खांदा ते कोपर बरोबर, कोपराच्या पुढं सगळा गोंधळ.

हिरवी बाई परवडली. तिथं निदान पोरं उघडउघड थट्टा करत होती. इथं रंग खरे, धूर खरा, पिठाचे हात खरे आणि कोपर खोटा, वर त्याला पदक! एवढा मी आयुष्यात हादरलो नव्हतो. रात्री जेवण गेलं नाही.

मी प्रदर्शनाच्या सूचीतल्या छापील चित्रावर पातळ कागद ठेवून ते उतरवून घेतलं. मग लाल पेन्सिलीनं कोपर दुरुस्त केला, जसा आपण पेपर तपासताना करतो तसा. गोरक्षनाथ दोन्हीचे छपाईचे ठसे पुण्याहून करून आणणार आहेत. एकाखाली 'चूक', दुसऱ्याखाली 'बरोबर'. लेखाचं शेवटचं वाक्य मला फार साधलं आहे: "अशा हाताची बाई या चित्रकारापुढं कुठल्या गावी बसली, तिचा पत्ता मंडळानं द्यावा." हाच मजकूर तक्रार म्हणून मंडळालाही पाठवला आहे. जिल्ह्याचं नाव लावून कुणी खोटं काढावं, हे मी चालू देणार नाही.

तुझ्या आईला हे सगळं जेवताना सांगितलं. ती नुसतं "असंल" म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली. तिला बिचारीला चित्रातलं काय कळणार!

तात्या


रविवार, २ जानेवारी १९४९

राही,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांनी कार्ड, आणि त्यात एकच ओळ: "त्या चित्रासमोर तुम्ही किती वेळ उभे होता?"

हा काय प्रश्न झाला? चूक बघायला कितीसा वेळ लागतो? दोन मिनिटं. सत्तावीस वर्षं मी चुकाच बघतो आहे. तुझ्या चुलतमामाची ओळख असेल या काष्टीकराशी, किंवा तुझीच असेल, म्हणून राग आला असेल तर तसं सरळ लिही.

अंक निघाला. नगरात चर्चा आहे. कापडबाजारात एक जण म्हणाला, "मास्तर, तुम्ही मुंबईवाल्यांचा कोपरच ढोपरानं फोडला." भिंगारच्या वाचनालयात ते पान भिंतीला लावलं आहे. एक प्रत सोबत पाठवतो.

आणि ही खरी बातमी. मंडळाचं उत्तर आलं. माझ्या तक्रारीबद्दल आभार मानले आहेत. हे पदक फक्त समोर बसलेल्या माणसाच्या चित्राला मिळतं, तेव्हा काष्टीकरांनी त्या बाईचं नाव आणि पत्ता २४ जानेवारीपर्यंत कळवावा, नाहीतर पदक परत घ्यावं लागेल आणि पुढची तीन वर्षं त्यांचं चित्र लावता येणार नाही, असा निर्णय झाला आहे. माझंच वाक्य त्यांनी उचललं बघ. पत्ता द्यावा!

आता गृहस्थ कुठून पत्ता देतात ते पाहू.

तीन वर्षांची बंदी जरा जास्त झाली, हे मात्र मला वाटतं. पण नियम म्हणजे नियम.

तुझ्या आईला अंक दाखवला नाही. तिला वाचता येत नाही आणि मला वेळ नव्हता. ओटीवर पडला आहे.

तात्या


बुधवार, १२ जानेवारी १९४९

राही,

 अक्षर लागलं नाही तर मला माफ कर.

आज दुपारी सकीनाबी मणेरीण आली. संक्रांत परवावर आली, बांगड्या भरायच्या होत्या. सप्टेंबरात हैद्राबादची गडबड झाली तेव्हापासून ती भीतीनं या बाजूला फिरकली नव्हती. तुझी आई म्हणाली होती, दुसऱ्या कुणाकडून भरणार नाही, सकीनाबी येईल तेव्हाच. मी म्हटलं, मणेरणीत काय एवढं? 

मी ओटीवर खुर्चीत होतो. सकीनाबीनं टोपली उतरवली आणि बसायला जागा करावी म्हणून तिथं पडलेला अंक उचलला. उचलून बघतच राहिली. मग हसली.

"आवो मास्तरीनबाई, पेपरात तुमचा हात छापलाय की!"

मला हसू आलं. मी म्हटलं, "सकीनाबी, तो हात नाही, ती चूक आहे. बरोबर हात शेजारी आहे, तो बघा."

तिनं शेजारचा बघितला. माझा.

"ह्यो? ह्यो कुनाचा ते मला न्हाई ठावं. ह्या हातात मी कदी बांगडी भरली न्हाई. पन ह्यो..." तिनं 'चूक' या शब्दावर बोट ठेवलं. "चवदा वर्सं झाली, मास्तर. दर संक्रांतीला न् दर नागपंचमीला ह्यो हात माज्या मांडीवर असतो. अल्ला कसम, डोळं झाकून वळकीन."

तुझी आई दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं पदर डाव्या हातावर ओढून घेतला.

"बसा, बाई," सकीनाबी म्हणाली. टोपलीतून तिनं चिंध्यांची एक छोटी उशी काढली. मला सांगायला लागली, "दुसऱ्या बायांचा हात कसा, सरळ धरला की बांगडी पुढून सरती. ह्यांचा कोपर खाली टेकत न्हाई. म्हनून ही उशी. ह्यांच्यासाठीच शिवलीया. आन् बांगडी मागल्या अंगानं फिरवून घ्यायची. नवी मनेरीन आसंल तर मनगट मोडून ठिवंल."

आणि तिनं कामाच्या सवयीनं तो पदर बाजूला केला.

राही, मी तो हात पाहिला. कोपरापासून पुढचा भाग बाहेरच्या अंगाला वळलेला होता आणि मनगट सकीनाबीच्या मांडीवर उलटं टेकलेलं होतं. खांदा ते कोपर बरोबर. त्याच्या पुढं मी लाल पेन्सिल चालवली होती.

माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "हे केव्हा झालं?"

तुझ्या आईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "तुमी पोरांना घिऊन पुन्याला गेल्तात तवा." मग सकीनाबीकडे वळून म्हणाली, "हिरव्या दोन जादा भर गं. सन हाय."

अठ्ठावीस वर्षांचा संसार. या बाईच्या हातचं मी रोज दोन वेळा जेवतो. नगर जिल्ह्याच्या पोरांना मी शिकवलं, की बघा, नीट बघा, आधी डोळे मग पेन्सिल. आणि माझ्या घरात एका मणेरणीला जे डोळे झाकून दिसतं ते मला...

पुढं लिहवत नाही.

र. म्हणजे रघुनाथ नाही. मला कळलं आहे.


गुरुवार, १३ जानेवारी १९४९

राही,

रात्रभर डोळा लागला नाही. आज शाळेत गेलो नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

सगळं आठवलं. तू नऊ वर्षांची होतीस. मला परीक्षेसाठी पोरांना घेऊन पुण्याला निघायचं होतं. फळीवर प्लॅस्टरच्या नमुन्यांची पेटी होती. मी तुझ्या आईला म्हटलं, पेटी काढ, मला उशीर होतोय. ती चौरंगावर चढली आणि पेटी घसरून तिच्या हातावर आली. तू पाण्याची घागर घेऊन दारात उभी होतीस.

मी धावलो. पेटीकडे धावलो, राही. उघडून बघितली. नमुन्याच्या पावलाची टाच उडाली होती. ती टाच मी तिथंच बसून सरसानं चिकटवली, वाळेपर्यंत दाबून धरली. तुझ्या आईला म्हणालो, "हळद लाव, बरं होईल." आणि गाडी गाठली. चौथ्या दिवशी परत आलो तेव्हा हाताला बांबूच्या कामट्या बांधलेल्या होत्या. मामानं काष्टीला हाडवैद्याकडे नेऊन आणलं होतं. मी विचारलं, "दुखतंय का?" ती म्हणाली, "न्हाई." माझ्या दृष्टीनं विषय तिथं संपला. प्लॅस्टरच्या पावलाची कुठली टाच उडाली ते मला आजही सांगता येईल. डावी.

त्यानंतर तिनं चूल दुसऱ्या भिंतीला घेतली. मला वाटलं धुरासाठी. आज मी चुलीपुढं जाऊन बसलो तेव्हा कळलं. तिथं बसलं की डावं अंग भिंतीकडे जातं आणि जेवणाऱ्याला दिसत नाही.

मग मी तुझी ट्रंक उघडली. विचारलं नाही, त्याबद्दल माफी माग म्हणालीस तर मागतो. तळाशी तुझी मराठी तिसरीची वही होती. तिच्यात एक पान आहे. चूल, परात, भाकरी थापणारी बाई. डावा हात बाहेरच्या अंगाला वळलेला. त्यावर लाल पेन्सिलीची सरळ रेघ आणि खाली माझं अक्षर: "कोपर चुकला. पुन्हा काढ. दहापैकी तीन."

आता तुझ्या कार्डाचं उत्तर. दोन मिनिटं नव्हे. त्या चित्रासमोर मी अर्धा तास उभा होतो. काष्टीकर हे नाव वाचलं तेव्हाच माझ्या छातीत काहीतरी हललं होतं, ते मी दाबून टाकलं. पाय तिथून निघेना, ते चुकीच्या कोपरामुळं असं मी स्वतःला पटवलं. जे पटत नव्हतं त्यावर रेघ मारली. मेमध्येही गाडीची वेळ झालेली नव्हती. तुझ्या खोलीसमोरच्या पानाच्या ठेल्यापाशी मी दोन पानं खाल्ली. मी पान खात नाही हे तुला माहीत आहे.

सकाळीच मंडळाला तार केली की तक्रार खोटी आहे, मागे घेतो. गोरक्षनाथांकडे जाऊन पुढच्या अंकात तेच दोन ठसे पुन्हा छापायला सांगितले, फक्त खालचे शब्द अदलाबदल करून. ते म्हणाले, "मास्तर, लोक हसतील." मी म्हटलं, हसू देत. तुझ्या आईचा हात आहे हे मात्र तिथं लिहिलं नाही. ते सांगायचा हक्क माझा नाही.

एक कळत नाही. तुला मंडळानं पत्ता मागितला आहे. नुसतं 'माझी आई' एवढं लिहिलं असतंस तरी पुरलं असतं. तीन वर्षांपूर्वी घर सोडताना, मी हातावरून तुला टोचून बोललो तेव्हाही एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं. तू गप्प का राहिलीस?

तुझा,
तात्या


मंगळवार, १८ जानेवारी १९४९

राही,

मंडळाचं उत्तर आलं. तक्रार मागे घेतल्याची नोंद केली, पण प्रश्न एकदा निघाला तो निघाला, त्या बाईचा पत्ता सोमवारपर्यंत आल्याशिवाय पदक कायम करता येत नाही, असं म्हणतात. मी लावलेली आग माझ्या पाण्यानं विझत नाही.

ते पत्र मी तुझ्या आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. आणि आजपर्यंत तुला काय काय लिहिलं तेही. 'तिला चित्रातलं काय कळणार' तेसुद्धा वाचलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आता कागूद घ्या. मी बोलते तसंच लिवा. तुमच्या बोलीत घालू नगा." तेव्हा पुढचं तिचं आहे.

राहे, तुजी आय बोलतीया. तात्या लिवत्यात. बरं चाललंय आमचं. संक्रांतीला तुज्या नावाचं तिळगूळ डब्यात ठिवलंय.

तुज्या तात्यांनी जेवताना त्या चित्तराचं सांगितलं, तवाच मी वळकलं. हात माजा आन् लेक माजी. तुमाला कळलं सकीनाबी आली तवा, मला कळलं भाकरी उलटताना. (हे वाक्य मला उद्देशून होतं. मी विचारलं, लिहू का? म्हणाली, "लिवा.") बोलले मात्र न्हाई. न बोलन्याची सवय लागली का लागतीच.

तू नऊ वर्साची हुतीस. दोन म्हैने तू भाकरी थापल्यास, माजी येनी घातलीस. तवा म्या तुला म्हनलं हुतं, माज्या गळ्याची आन हाय, हात वाकडा बसला ह्ये कुनाला सांगू नगंस. तात्यांना तर मुळीच न्हाई. मला वाटायचं, ह्यांना समदं सरळ लागतं. तांब्या सरळ, रेघ सरळ. वाकड्या हाताची बायकू ह्यांच्या घरात कशी शोभंल? मी येडी हुते. पन तुला आन घातली ती घातली.

तू ती पाळलीस. बाप घालून पाडून बोलला तरी पाळलीस. घर सुटलं तरी पाळलीस. चित्तर काडलंस त्यात बी माजं तोंड झाकलंस, ते आनीपायीच, मला कळतंय. आता पदक जायाची येळ आली तरी तू गप. बास झालं, बाये. लई झालं.

त्या मंडळवाल्यांना पत्ता लिव. मुक्ताबाई, सहादेव मास्तराच्या घरात, माळीवाडा, नगर.

आन् नुसत्या पत्त्यावर इस्वास बसला न्हाई तर हात घिऊन मीच येतीया. शनवारच्या गाडीनं निगतो, दौंडला बदलतो. सोमवारी त्या सायबांच्या म्होरं बसते. परात लागंल तर परात देतील, पीठ मी घिऊन येते. थापून दावते. पदर घेनार न्हाई. कोपर कुनाला मोजायचा आसंल त्यानं मोजावा.

तात्यांना बी संगं आनते. ते तुज्या दारात उभं ऱ्हातील, पानाच्या दुकानाम्होरं न्हाई. त्यांना काय बोलायचं ते त्यांचं ते बोलतील. ते लिवायला मी सांगत न्हाई.

राहे, माजी आन सुटली.

हे तिनं तीन वेळा म्हटलं आणि तीन वेळा लिहायला लावलं. सुटली. सुटली. सुटली.

खाली अंगठा आहे. उजवा दे म्हटलं तर ऐकली नाही, डावाच दिला. कागदावर टेकताना मनगट फिरलं, त्यामुळं तो वाकडा उमटला आहे. मी नीट केलेला नाही.

तात्या